गाइडशिवाय कॅरिबूची शिकार: तयारी मांसापासून सुरू करा आणि मागे मागे या

प्रश्न थोडक्यात असा आहे: सिएटलजवळ राहणारे दोन मराठी मित्र, पूर्व वॉशिंग्टनमध्ये काही वर्षं हरणाची शिकार केलेली. पुढच्या सप्टेंबरमध्ये अलास्काच्या उत्तरेला, रस्ता नसलेल्या टुंड्रात (बिनझाडांचा थंड माळ), गाइड न घेता कॅरिबूसाठी, म्हणजे तिथल्या रानटी रेनडिअरसाठी, जायचंय. एक जण अमेरिकन नागरिक, दुसरा एच-१बीवर. रायफल कोणती घ्यावी, किती दिवस काढावेत आणि तयारी कुठून सुरू करावी?

रायफलचा प्रश्न सर्वांत सोपा, तो आधी उरकतो. हरणासाठी वापरता तीच आणा. टू-सेव्हंटी, थ्री-ओ-एट, थर्टी-ऑट-सिक्स, यांतलं काहीही कॅरिबूला पुरेसं आहे. फुप्फुसात नीट बसलेल्या गोळीनंतर कॅरिबू फार लांब जात नाही. अस्वलाच्या धास्तीने नवी मॅग्नम, म्हणजे जास्त ताकदीच्या काडतुसाची रायफल, विकत घेणारे आणि तिच्या धक्क्याला घाबरून डोळे मिटून घोडा ओढणारे दर मोसमात भेटतात. त्या पैशांत काडतुसं घ्या आणि सराव करा. फक्त रेंजवरच्या बाकाला टेकून नको. टुंड्रात टेकायला झाड नसतं. पाठपिशवीवर रायफल ठेवून पालथं पडून, बसून, अंगावर वारा घेत मारायची सवय लावा. तीनशे यार्डांपलीकडे मी मारत नाही, आणि तिथल्या वाऱ्यात दोनशेही पुष्कळ वाटतात.

आता मूळ प्रश्न. बहुतेक जण नकाशा उघडून किंवा सामानाची यादी करून सुरुवात करतात. तुम्ही मांसापासून सुरू करा. पूर्ण वाढलेला नर १६० ते १८० किलोचा असतो. हाडं काढली तरी ५० किलोच्या आसपास मांस हातात येतं, हाडांसकट त्याहून बरंच जास्त, आणि वर शिंगं. अलास्काच्या कायद्याने खाण्याजोगं सगळं मांस बाहेर आणावंच लागतं: चारही फरे, मान, छाती, बरगड्यांवरचं मांस, पाठीचे पट्टे आणि कण्याच्या आतल्या बाजूची नाजूक पट्टी. काही युनिटमध्ये, म्हणजे शिकारीसाठी आखलेल्या विभागांत, फरे आणि बरगड्या हाडांसकटच आणायच्या असतात. शिंगं मांसाच्या आधी हलवता येत नाहीत; शेवटच्या खेपेबरोबर किंवा त्यानंतरच. मांस रानात सोडून दिलं तर तो गुन्हा आहे, दंड आणि तुरुंग दोन्ही होऊ शकतात. आणि हा फक्त कागदावरचा नियम नाही. कोट्झेब्यूसारख्या गावांत लोकांचा बाहेरच्या शिकाऱ्यांवरचा राग मुख्यतः सडलेलं मांस पाहूनच आहे.

म्हणजे एका नरामागे एका माणसाच्या किमान तीन खेपा, प्रत्येक खेपेला २० ते ३० किलो. तुम्ही दोघं आणि दोन नर, तर हिशोब दुप्पट. आता खालची जमीन बघा. उत्तरेकडच्या बऱ्याच टुंड्रावर कापसी गवताचे गुडघ्याएवढे झुबके असतात, त्यांना टसॉक म्हणतात. झुबक्यावर पाय ठेवला तर तो डुलतो, दोन झुबक्यांच्या मध्ये ठेवला तर घोटाभर पाण्यात जातो. चिखलणी केलेल्या भातखाचरात कोणी नारळ पसरून ठेवावेत आणि त्यावरून पोतं घेऊन चालायला सांगावं, तसा प्रकार. खाली पर्माफ्रॉस्ट, म्हणजे कायम गोठलेली जमीन, असल्यामुळे पाणी मुरत नाही, त्यामुळे उतारावरसुद्धा चिखल. ओझं नसतानाही तासाला दीड-दोन किलोमीटर म्हणजे चांगला वेग समजा.

यातून नियम निघतो: तंबूपासून, किंवा विमान उतरेल त्या जागेपासून, दोन किलोमीटरच्या बाहेर गोळी झाडायची नाही. कितीही मोठी शिंगं दिसोत. घरी बसून हे सोपं वाटतं. चार दिवस काही न दिसल्यावर पाचव्या दिवशी चार किलोमीटरवर कळप दिसतो तेव्हा कठीण जातं, म्हणून हे वर्तुळ निघण्याआधीच दोघांनी मिळून नकाशावर आखून ठेवा.

याच कारणाने डाल्टन हायवेचा पर्याय तुमच्यासाठी मला पटत नाही. हा रस्ता लिव्हनगूडपासून डेडहॉर्सपर्यंत ४१४ मैल जातो, विमानाचा खर्च वाचतो, म्हणून सगळे आधी तोच सुचवतात. पण युकॉन नदीच्या उत्तरेला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच मैल बंदुकीने शिकार करायला बंदी आहे. तिथे फक्त धनुष्यबाण चालतो. रायफलवाल्याने आठ किलोमीटर टसॉकमधून आत जायचं आणि मग मांसाच्या सहा खेपा करत बाहेर यायचं. पोलादी पायांची माणसं हे करतात. तुम्ही पहिल्यांदा येताय.

मग राहिलं छोटं विमान. फेअरबँक्स, कोट्झेब्यू, बेटल्स, कोल्डफूट अशा ठिकाणांहून पायलट तुम्हाला नदीकाठच्या खडीवर, डोंगरधारेवर किंवा फ्लोट (चाकांऐवजी तरंगणारे पाय) असतील तर तळ्यावर उतरवतो. पायपर सुपर कबमध्ये पायलटखेरीज एकच माणूस मावतो. बीव्हर मोठं, पण त्याला फ्लोटवर तळं लागतं. सामानाला साधारण २५ ते ३० किलोची मर्यादा सांगितली जाते, आणि ती खरी असते. पायलट तुमच्यासमोर वजनकाटा ठेवतो. येताना यात मांसाची भर पडते, म्हणजे एकीच्या जागी दोन-तीन फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीचे पैसे. ‘दोन नर मारले तर परतीच्या किती फेऱ्या आणि किती डॉलर’ हे बुकिंग करतानाच लिहून घ्या. सोबत हेही विचारा: मांस मधल्या काळात उचलायला येता का, उपग्रह फोनवर कोण उत्तर देतं, गेल्या दोन मोसमांत हवामानामुळे लोक जास्तीत जास्त किती दिवस अडकले. शेवटच्या प्रश्नाला जो हसून ‘तसं काही होत नाही’ म्हणतो, त्याच्याबरोबर जाऊ नका.

नुसता वाहतूक करणारा, म्हणजे ट्रान्सपोर्टर, आणि गाइड हे कायद्याने वेगळे आहेत. ट्रान्सपोर्टरने तुम्हाला शिकारीत मदत करायची नसते. तो उतरवतो, निघून जातो. आणि ज्या दिवशी विमानातून आलात त्या दिवशी शिकार करता येत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तीननंतरच. वरून कळप हेरायचा आणि खाली उतरून मारायचा, हे होऊ नये म्हणून. तो पहिला दिवस तंबू नीट लावण्यात, पाणी शोधण्यात आणि रायफलची नजर तपासण्यात घालवा. प्रवासात पेटी आपटलेली असते. दोन गोळ्या मातीच्या बांधावर मारून खात्री करून घेतली की डोकं शांत राहतं.

कुठे जायचं हे मी ठरवून देणार नाही, कारण ते दरवर्षी बदलतं आणि गेल्या वीस वर्षांत फारच बदललंय. वेस्टर्न आर्क्टिक कळप २००३ मध्ये ४,९०,००० होता. २०२३ च्या मोजणीत १,५२,००० भरला. नैर्ऋत्येकडचा मलचॅटना कळप एके काळी दोन लाखांच्या घरात होता, तो इतका घसरला की तिथली शिकारच बंद करावी लागली. नेल्चिना कळपाचंही तेच. त्यामुळे पाच वर्षांपूर्वीचा अनुभव सांगणाऱ्या मित्राचं ऐका, पण त्यावर तिकीट काढू नका. अलास्का फिश अँड गेमची, म्हणजे राज्याच्या शिकार-मासेमारी खात्याची, चालू वर्षाची नियमपुस्तिका आणि त्यानंतर निघालेले तातडीचे आदेश, दोन्ही वाचा. केंद्र सरकारच्या जमिनीचे नियम आणखी वेगळे. उदाहरणार्थ २०२२ ते २०२४ या मोसमांत युनिट २३ मधली बरीचशी केंद्रीय जमीन ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बाहेरच्या शिकाऱ्यांना बंद होती. गेट्स ऑफ दि आर्क्टिकमध्ये राष्ट्रीय उद्यानाच्या भागात तुम्हाला शिकार करता येत नाही, पण शेजारच्या प्रिझर्व्हमध्ये (राखीव क्षेत्रात) येते. नोआटक नदीच्या पट्ट्यात १५ ऑगस्ट ते ३० सप्टेंबर शिकारीसाठी विमान वापरायला बंदी असते. आणि नदीकाठच्या बऱ्याच जमिनी मूलनिवासी कॉर्पोरेशनच्या खाजगी मालकीच्या आहेत. तिथे पाऊल टाकायलाही परवानगी लागते. जीपीएसमध्ये मालकीच्या सीमा दाखवणारा नकाशा भरून आणा.

आता तुमच्यापैकी एच-१बीवर असलेल्यासाठी, कारण हे इंग्रजीतल्या कुठल्याही सल्ल्यात सहसा येत नाही. अमेरिकन नागरिक अलास्काबाहेरचा असला तरी कॅरिबूसाठी त्याला गाइडची सक्ती नाही. ती तपकिरी अस्वल, डॉल मेंढा आणि डोंगरी बकऱ्यासाठी आहे. पण ‘अनिवासी परदेशी’ या वर्गात मोडणाऱ्याला प्रत्येक मोठ्या जनावरासाठी परवानाधारक गाइड घ्यावाच लागतो, कॅरिबूसाठीसुद्धा. त्याची फीही जास्त: अनिवासी नागरिकाला परवाना १६० आणि कॅरिबूचा टॅग (त्या जनावरासाठी वेगळी घ्यायची चिठ्ठी) ६५० डॉलर, परदेशी वर्गाला ६३० आणि ८५०. व्हिसावर वॉशिंग्टनमध्ये राहणारा माणूस कोणत्या वर्गात बसतो, याचं उत्तर फिश अँड गेमकडून नावानिशी लेखी मागवा आणि ते कागद सोबत ठेवा. दुसरी गोष्ट केंद्रीय कायद्याची: बिगर-स्थलांतरित व्हिसावरच्या माणसाला बंदूक आणि काडतुसं बाळगायला मुळात बंदी आहे, आणि वैध शिकार परवाना हा त्यातला अपवाद आहे. म्हणजे परवाना खिशात नसताना मित्राची रायफल नुसती वाहून नेणंही अंगाशी येऊ शकतं. ग्रीन कार्डाची रांग लागलेली असताना याबाबत इमिग्रेशन वकिलाला दोनशे डॉलर देणं मला महाग वाटत नाही.

वेळ म्हणाल तर ऑगस्टचा शेवटचा आठवडा ते सप्टेंबरचा मध्य. त्याआधी डास जिवंत खातात आणि शिंगांवर मखमल असते. सप्टेंबर सरत आला की नर माजावर येऊ लागतात, चरणं सोडतात आणि मांसाला असा उग्र वास येतो की तो कितीही गरम मसाला टाकला तरी जात नाही. शिकारीचे सात-आठ दिवस धरा, त्यावर दोन्ही टोकांना हवामानाचे दोन-तीन. पायलटने शनिवार सांगितला म्हणजे ढग वर उचलले तर शनिवार. सिएटलला सोमवारी मीटिंग ठेवून येणारा माणूस स्वतःला आणि पायलटला दोघांना धोक्यात घालतो, कारण मग तो पायलटवर दबाव आणतो. जास्तीचं पाच दिवसांचं अन्न वेगळ्या पिशवीत बांधा आणि ती उघडू नका.

जेवणाच्या बाबतीत आपण मराठी माणसं नशीबवान आहोत. दुकानातली फ्रीझ-ड्राय पाकिटं महाग आणि बेचव. भाजके पोहे, दाण्याचं कूट, मेतकूट, चिक्की, बेसनाचे लाडू, तुपाची छोटी बरणी, हे सगळं वजनाला हलकं आणि उष्मांकाला भारी. ओझ्याच्या दिवशी भूक अफाट लागते. स्टोव्हचा गॅस आणि अस्वलाचा स्प्रे प्रवासी विमानात नेता येत नाहीत, ते फेअरबँक्सला किंवा अँकरेजला घ्या. आणि स्प्रे आहे हे छोट्या विमानात चढण्याआधी पायलटला सांगा, तो स्प्रे बाहेर किंवा फ्लोटमध्ये ठेवतो.

कपड्यांत एकही सुती वस्तू नको, अंतर्वस्त्रंसुद्धा. शून्याखाली वीस अंशांत माणूस सहसा सावध असतो; चार अंश, पाऊस आणि वारा या मिश्रणात तो गाफील राहतो आणि तिथेच हायपोथर्मिया, म्हणजे अंगातली ऊब घसरणं, गाठतो. तंबू चार मोसमांचा, बुटका, वाऱ्यात न फाटणारा घ्या. बाकी सगळ्यात वजन वाचवा, तंबूत नको. खडीत खुंट्या धरत नाहीत, म्हणून रिकाम्या पिशव्यांत दगड भरून दोऱ्या बांधायच्या. नदीच्या पातळीवर तंबू लावायचा नाही. वर डोंगरात पाऊस झाला की रात्रीत पाणी चढतं. मांडीपर्यंतचे हिप बूट घ्या. आणि पोकळ तंतूंचा पाण्याचा फिल्टर रात्री झोपण्याच्या पिशवीत घेऊन झोपा. एकदा गोठला की तो निकामी होतो आणि बाहेरून काही कळतही नाही.

प्रत्यक्ष शिकार हा यातला सर्वांत लहान भाग. कॅरिबूच्या मागे धावायचं नाही. तो रमतगमत चरत चाललेला दिसतो आणि तरी तुम्हाला गाठू देत नाही. उंच जागी बसा, दुर्बीण लावा, कळप कोणत्या खिंडीतून, कोणत्या उतारावरून येतोय ते बघा आणि वारा सांभाळून त्याच्या पुढे जाऊन बसा. नोआटक-कोबुक भागातल्या इन्युपियाक या मूलनिवासी शिकाऱ्यांचा जुना संकेत आहे की मोसमातले पहिले, पुढे चालणारे कॅरिबू जाऊ द्यावेत. त्यांनी वाट पाडली की मागचे त्याच वाटेने येतात. बाहेरच्या माणसाने तो जरूर पाळावा.

कॅरिबूत मादीलाही शिंगं असतात, आणि अनिवासी परवाना बहुधा नराचाच असतो. लहान नर आणि मोठी मादी यांत गल्लत सहज होते. सप्टेंबरात नराच्या मानेवर पांढरी आयाळ दिसते, पण शंका असेल तर मागून किंवा खालून लिंग स्पष्ट दिसेपर्यंत थांबा. मागे दुसरं जनावर उभं नाही हेही बघा. गोळी आरपार जाते. आणि महत्त्वाचं: गोळी लागल्यावर कळप गोल फिरतो, सगळे एकसारखे दिसतात, आणि जखमी कोणता हे कळेनासं होतं. म्हणून एकाने मारायचं आणि दुसऱ्याने रायफल खाली ठेवून दुर्बिणीतून फक्त त्या एका जनावरावर नजर ठेवायची. दोघांनी एका वेळी मारायचं नाही. पहिल्याचं मांस तंबूपाशी पोचल्याशिवाय दुसरा नर नको.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार संपली, त्यामुळे सोलणं-कापणं घरातल्या कुणाकडून शिकायची सोय आपल्याला नाही. वॉशिंग्टनमधल्या हरणावर या वर्षी एक गोष्ट मुद्दाम शिकून घ्या: कोथळा न काढता मांस उतरवणं. जनावर कुशीवर, कण्यावरून कातडं कापून खाली ओढायचं, वरच्या बाजूचे दोन्ही फरे, पाठीचा पट्टा, मान, मग छोट्या करवतीने बरगड्या, की उलटं करून दुसरी बाजू. शेवटच्या बरगडीमागून हात घालून आतली पट्टी काढायची. आतडी फुटत नाहीत, मांस स्वच्छ राहतं. हातमोजे घाला. कॅरिबूत ब्रुसेलोसिस हा माणसालाही होणारा संसर्ग असतो. सांधे किंवा वृषण सुजलेले दिसले तर तो भाग कापू नका, आणि मांस नीट शिजवूनच खा. कातड्याखाली वॉर्बल माशीच्या अळ्या सापडल्या तर दचकू नका, मांसाला त्यांनी काही होत नाही. अशा सहलीत सर्वांत जास्त जखमा अस्वलाने नाही, बदलत्या पात्याच्या सुरीने होतात. गार पडलेली बोटं, ओलं हाडूक, संध्याकाळची घाई. टूर्निके (रक्त थांबवायला आवळायचा पट्टा) आणि दाबपट्टी कमरेच्या पिशवीत हवी, तंबूत नव्हे.

मांसाचे शत्रू तीन: ऊब, ओल, माशा. प्लास्टिकच्या पिशवीत एक तासही ठेवू नका. विरळ विणीच्या गेम बॅग, म्हणजे मांस ठेवायच्या कापडी पिशव्या, एका जनावराला सहा-आठ आणा. टांगायला झाडं नसतात, म्हणून विलोच्या फांद्यांची जाड गादी करून त्यावर पिशव्या सुट्या सुट्या मांडा, खालून-वरून वारा खेळू द्या आणि पावसापुरती वर ताडपत्री ताणा, बाजू उघड्या ठेवून. पृष्ठभागावर कोरडा पापुद्रा धरला की मांस आठवडाभर टिकतं. सायट्रिक ॲसिडचं पाणी फवारलं तर माशा कमी बसतात.

हा ढीग तंबूपासून शंभरेक मीटरवर, तंबूतून दिसेल असा, उघड्यावर लावा. झुडपाआड नको. सकाळी आधी दुर्बिणीतून बघा, मग आवाज करत जा. बॅटरीवर चालणारं विजेचं कुंपण दीड-दोन किलोचं असतं. मी ते एखादा जाड कोट घरी ठेवून नेतो. ग्रिझली, म्हणजे तपकिरी अस्वल, मांसावर बसलाच तर ते मांस गेलं असं धरा. अलास्कात टॅग नसताना अस्वलाला मारता येतं ते जिवाच्या किंवा जगण्याला आवश्यक मालमत्तेच्या रक्षणासाठी, आणि मग त्याचं कातडं आणि कवटी सरकारजमा करावी लागते. फ्रीझर भरायचा होता, हे कारण तिथे चालत नाही.

शरीराची तयारी आजपासून. तुमच्याजवळचा माउंट साय चांगला आहे, पाठीवर २५ किलो मिठाच्या पिशव्या घेऊन चढा. पण ती आखीव पायवाट आहे. घोट्यांना टुंड्रा कळायचा असेल तर महिन्यातून दोनदा वाट सोडून, ओल्या, खडबडीत जागी, दोन काठ्या घेऊन चाला. उपग्रह संदेशयंत्र घ्या, त्याची वर्गणी चालू आहे का ते निघायच्या आधी संदेश पाठवून तपासा, आणि बचावाचं विमानही त्याच हवामानात उडतं हे लक्षात ठेवा.

परत आल्यावर घाई मांसाचीच. सप्टेंबरमध्ये फेअरबँक्स आणि अँकरेजचे मांस कापून देणारे तुडुंब भरलेले असतात, त्यांच्याशी ऑगस्टमध्येच बोला. नाहीतर भाड्याच्या खोलीत स्वतः हाडं काढा, गोठवा आणि थर्मोकोलच्या खोक्यांत, प्रत्येकी २३ किलोच्या आत, चेक-इन सामान म्हणून सिएटलला न्या. एवढं खाणार नसाल तर गावातच कुणाला तरी द्या. त्यासाठी ताबा हस्तांतराचा फॉर्म दोघांच्या सह्यांनी भरावा लागतो. आणि शिकारीचा अहवाल नर मारल्यापासून १५ दिवसांत ऑनलाइन भरा. काही मिळालं नाही तरी भरायचाच, मोसम संपल्यापासून १५ दिवसांत.